बोलक्या पुस्तकांचा सर्व्हर

थोरल्या जाऊबाईंनी नोकरी सोडली तेव्हा निरोपाचा कार्यक्रम करायचा नाही, असं त्यांनी ऑफिसात आधीच बजावून ठेवलं होतं. पाणीपुरवठ्याचं ऑफिस ते. शहरातल्या प्रत्येक नळाची, मीटरची आणि बिलाची माहिती ज्या सर्व्हरवर होती, तो त्या सांभाळत. सर्व्हर बंद पडला की फोन त्यांनाच यायचा. मग सुट्टी असो, घरात पाहुणे असोत, की ताटावर बसलेल्या असोत. पण काचबिंदूने आधी कडेचं दिसणं खाल्लं, मग हळूहळू मधलंही. शेवटी उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच उरलं. एका संध्याकाळी त्या आपला डबा, पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी पिशवीत घालून घरी आल्या, त्या परत गेल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी घराचा उंबरठाही ओलांडला नाही. भावजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, पांढरी काठी आणली, ती दारामागे तशीच उभी राहिली. फोनमध्ये सगळं वाचून दाखवणारा आवाज टाकून आणला. जाऊबाई म्हणाल्या, "जन्मभर मशीनशी मी बोलले. आता मशीनने माझ्याशी बोलायची गरज नाही." आणि त्यांनी तो आवाज बंद करायला लावला. भावजी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ते जेवताना ताटाचा नकाशा सांगू लागले: उत्तरेला भाजी, पूर्वेला चटणी, दक्षिणेला भात. चार दिवस जाऊबाईंनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मला जेवायचंय हो, प्रवासाला नाही जायचं." भावजी हसले. जाऊबाई हसल्या नाहीत.

दोन भावांची घरं एकाच इमारतीत, एकावर एक. खाली थोरले, वर धाकटे. वरची धाकटी जाऊ हे सगळं बघत होती आणि तिला काही सुचत नव्हतं. जाऊबाईंशी तिचं भांडण कधी नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. तोंडावर ती त्यांना ताई म्हणे आणि मनातून त्यांना जरा बिचकून असे. नवी लग्न होऊन आली होती तेव्हा एकदा पंगतीत तिने भाबडेपणाने विचारलं होतं, "ताई, सर्व्हर म्हणजे नक्की काय असतं?" जाऊबाई हसून म्हणाल्या होत्या, "राहू दे गं, तुझ्या डोक्यावरून जाईल." सगळे हसले. तीही हसली आणि तिने कानाला खडा लावला. त्यानंतर तिने जाऊबाईंना मीठ मागितलं, डॉक्टरांचा नंबर मागितला, पण कामाबद्दल म्हणून कधी काही विचारलं नाही.

धाकटीला देवाने एकच गोष्ट सढळ हाताने दिली होती: आवाज. मुलं शिकायला बाहेर गेली, घर मोकळं झालं, तेव्हा ती बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात जाऊ लागली. ज्यांना दिसत नाही अशांसाठी तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत. एका बंद खोलीत बसायचं, समोर माइक, आणि पानं उलटल्याचा आवाज येऊ न देता वाचत राहायचं. तिथले ग्रंथपाल सदान्‌कदा सगळ्यांना हळू बोलायला सांगत, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं हळूकाका. वाचनालयात हजारो पुस्तकं जमली होती आणि त्यांची सगळी माहिती मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेल्या एका सर्व्हरवर होती. ती कुणालाच सहज बघता येत नसे. पुस्तक हवं असलं की माणूस फोन करणार, हळूकाका उठणार, कपाट उघडणार, आत डोकं घालून शोधणार आणि तोवर फोनवरचा माणूस कंटाळून जाणार.

"एखादं पान करता आलं असतं ना," हळूकाका एकदा म्हणाले, "घरबसल्या नाव सांगितलं की पुस्तक पुढ्यात, असं. पण करणार कोण?"

धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "मी बघू का?"

का म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही. पण बोलून बसली होती, म्हणून तिने वेब पानं बनवायच्या क्लासला नाव घातलं. क्लासात सगळी तिच्या मुलांच्या वयाची. ती पहिल्या बाकावर बसे आणि न समजलेलं तीनतीनदा विचारी. क्लास संपला तेव्हा तिच्या लॅपटॉपवर एक पान तयार होतं. वर एक चौकोन, त्यात पुस्तकाचं नाव टाकायचं, खाली उत्तर. लॅपटॉपवर ते छान चालायचं. मोठ्या हौसेने तिने ते वाचनालयाच्या काउंटरवरच्या संगणकात नेऊन बसवलं, चौकोनात नाव टाकलं, आणि पडद्यावर इंग्रजीतली एक लांबलचक ओळ आली. पान चालवणारी, तिने लिहिलेली सूचनांची स्क्रिप्ट आणि कपाटातला सर्व्हर, दोघं एकमेकांशी बोलेनात.

तिने करून पाहायचं ते सगळं करून पाहिलं. क्लासच्या सरांना फोन लावले, ते दुसऱ्या गावी नोकरीवर गेले होते. शेवटी तिने हात टेकले.

तिचा नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. तो जेवता जेवता म्हणाला, "मला एखादं मशीन नाही उमगलं तर मी कंपनीत फोन लावतो. तुझी कंपनी तर खालच्या मजल्यावर बसलीये."

"त्यांना कसं विचारू?"

"तोंडाने," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली गेली. जाऊबाई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बोटांनी शिवण शोधायची, बाही बाहीवर आणायची, असं चाललं होतं.

"कोण?"

"मी, ताई."

"या वेळेला? पाणी सांडलं का वर? खाली गळतंय का?"

"नाही हो. एक विचारायचं होतं. सर्व्हरचं."

जाऊबाईंचे हात घडीवरच थांबले. "कुणाच्या सर्व्हरचं?"

धाकटीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. वाचनालय, कपाट, काउंटर, क्लास. सांगताना तिला वाटत होतं, आता म्हणतील, राहू दे. जाऊबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "एरर काय येतोय?"

"कनेक्शन होत नाही, असं काहीतरी."

"काहीतरी असा कुठला एरर नसतो. फोटो काढलायस ना? मग वाच. जसा आहे तसा, शब्द न् शब्द."

धाकटीने वाचला. इंग्रजी तिचं अडखळत असे, पण वाचायची सवय होती, तिने काही गाळलं नाही.

"कनेक्शन रिफ्यूज्ड," जाऊबाई स्वतःशी म्हणाल्या. "स्क्रिप्टमध्ये सर्व्हरचा पत्ता काय दिलायस?"

"क्लासात दिला होता तोच. लोकलहोस्ट."

"लोकलहोस्ट म्हणजे काय?"

"सर्व्हरचं नाव असेल ना?"

"लोकलहोस्ट म्हणजे हेच यंत्र. ज्याच्यावर स्क्रिप्ट चाललीये तेच. क्लासात दोन्ही एकाच लॅपटॉपवर होतं म्हणून चाललं. तुमच्याकडे डेटाबेस, म्हणजे ती पुस्तकांची माहिती, कपाटात आणि स्क्रिप्ट काउंटरवर. काउंटर स्वतःलाच विचारतोय, डेटाबेस आहे का रे तुझ्याकडे? आणि स्वतःच सांगतोय, नाही बुवा."

धाकटीला हसू आलं. एवढे दिवस ती ज्याच्यापुढे कपाळ आपटत होती, ते इतकं साधं होतं.

"कपाटातल्या यंत्राचा पत्ता काढ. चार आकडे असतात, मध्ये टिंबं. तो घाल लोकलहोस्टच्या जागी." त्यांनी पुन्हा कपडा हातात घेतला. "आणि उद्या काय झालं ते सांग."

शेवटचं वाक्य त्या इतक्या सहज बोलल्या की धाकटीला ते जिना चढताना कळलं.

उद्या काय झालं, तर काहीच झालं नाही. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि थकून थांबलं. तिने खाली येऊन पत्ता वाचून दाखवला. जाऊबाईंनी तो पुन्हा वाचायला लावला, मग तिसऱ्यांदा, आणि म्हणाल्या, "एक टिंब खाल्लंयस." परवा टिंब घातलं. मग दुसरीच ओळ आली. धाकटी जिन्यातच होती तर हाक आली, "काय म्हणतोय तुझा सर्व्हर?" जाऊबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी तिच्या पावलांचा आवाज ओळखला होता.

"आता म्हणतोय, या यंत्राला जोडून घ्यायची परवानगी नाही."

"म्हणजे पत्ता सापडला," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जुनी धार आली होती. "दार उघडलंन्, चेहरा बघितला आणि म्हणाला, तुम्ही आमच्या यादीत नाही. हे चांगलं लक्षण आहे. बस, सांगते."

भावजी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले. बायको पुन्हा ताठ बसून बोलतेय हे बघून त्यांचा ऊर भरून आला होता. भला माणूस, पण आनंद झाला की जीभ सुटायची. कप ठेवता ठेवता ते म्हणाले, "फार बरं केलंस हो धाकटे. रोज येत जा अशीच. हिला पण जरा विरंगुळा."

जाऊबाईंनी कपाकडे नेलेला हात मागे घेतला. भावजींना आपलं काय चुकलं ते कळलं नाही, पण चुकलं एवढं कळलं. ते कप तसाच ठेवून बाहेर गेले.

"विरंगुळा," जाऊबाई म्हणाल्या.

"ताई, ते आपले सहज—"

"लोकलहोस्ट न कळण्याइतकी तू मूर्ख नाहीस. टिंब गाळण्याइतकीही नाहीस. तू पुस्तकंच्या पुस्तकं वाचतेस, एक काना सोडत नाहीस. कुणी ठरवलं हे? यांनी? आंधळीला कामाला लावा, म्हणजे रडत बसणार नाही?"

"नाही हो, कुणीच—"

"तुझं तुला येतं. जा तू."

धाकटी गेली. वर जाऊन तिने खूप वेळ भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. राग जाऊबाईंचा की स्वतःचा, हे तिला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली, एकटीनेच खटपट केली. तीच ओळ. परवानगी नाही. हळूकाका मागे उभे राहून म्हणाले, "सोडून द्या हो. इतकी वर्षं चाललंय, पुढेही चालेल." तेवढ्यात फोन वाजला. कुणी बाई पुस्तक मागत होती. हळूकाका फोन धाकटीच्या हातात देऊन कपाटाकडे गेले आणि ते परत येईतो धाकटीने कानाला लावलेल्या त्या फोनमध्ये पलीकडची बाई नुसती श्वास घेत वाट बघत होती. धाकटी म्हणाली, "थांबा हं, शोधतायत." ती बाई म्हणाली, "मला काय, वेळच वेळ आहे."

तिथून ती तडक घरी आली, लॅपटॉप छातीशी धरून खालच्या मजल्यावर गेली आणि जाऊबाईंच्या समोर बसली.

"ताई, मी नाटक करत नाहीये," ती म्हणाली. "नाटक करायला आधी खरं यावं लागतं. मला ते येत नाही. मी तुमच्याकडे तुमच्यासाठी आले नव्हते, माझ्यासाठीच आले होते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून यायला हवं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही, ते माझं चुकलं. पण मी आले ती अडले म्हणून."

जाऊबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, जिकडून उजेड येत होता तिकडे.

"स्क्रिप्ट वाच," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझी स्क्रिप्ट. मी आत्तापर्यंत नुसते एरर ऐकले. आता स्क्रिप्ट वाच. पहिल्या ओळीपासून."

धाकटीने लॅपटॉप उघडला आणि ती वाचू लागली. कंस, अवतरणचिन्हं, अर्धविराम, सगळं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वाचावं तसं तिने सरळ, स्वच्छ वाचलं. सर्व्हरचा पत्ता वाचला. मग पुढची ओळ आली.

"यूजर, रूट."

"काय म्हणालीस?"

"रूट."

"रूट म्हणजे कोण ते माहितीये तुला?"

"क्लासात तेच होतं."

"रूट म्हणजे मालक. सगळं बघणार, सगळं बदलणार, मनात आलं तर सगळं पुसणार. जगातल्या कुणीही उघडावं असं पान करायचं आणि त्याच्या हातात मालकाच्या किल्ल्या?" जाऊबाईंचा आवाज चढला होता. "आणि पासवर्ड?"

धाकटीने चाचरत वाचला. वाचनालयाचं नाव आणि त्यापुढे एक, दोन, तीन.

"हा कुणी दिला तुला?"

"कपाटाच्या दारावर आतून कागद चिकटवलाय. ज्यांनी सर्व्हर बसवला त्यांनी. विसरू नये म्हणून."

जाऊबाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यांचे खांदे हलू लागले. धाकटी घाबरून पुढे सरकली आणि मग तिच्या लक्षात आलं, त्या हसतायत. आवाज न करता, अंग गदगदा हलवत हसतायत.

"पटलं," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "नाटकात एवढी चूक कुणी करणार नाही. कुणाला सुचणारच नाही. अगं बये, रूटला त्या कपाटाच्या बाहेरून यायला बंदी आहे म्हणून तुझी पाटी कोरी राहिली. ज्याने कागद चिकटवला त्याने निदान तेवढं तरी नीट केलं, नाहीतर तू कालच मालकीण होऊन बसली असतीस."

धाकटीलाही हसू फुटलं. भावजी दारातून डोकावले आणि या खेपेला शहाण्यासारखे काही न बोलता परत गेले.

"मग आता?" धाकटीने विचारलं.

"आता कपाटापाशी बसून एक नवा यूजर करायचा. काउंटरवरून येणारा. त्याला फक्त वाचायची परवानगी. लिहायची नाही, पुसायची नाही. मी सांगते, लिहून घे." मग त्या थांबल्या. "त्या डेटाबेसचा बॅकअप कधी घेतलाय?"

"म्हणजे दुसरी प्रत? नाही बहुतेक."

"कधीच?"

"हळूकाका म्हणतात, कपाटाला कुलूप असतं."

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "माझी चप्पल कुठेय बघ."

"आत्ता?"

"हजारो पुस्तकांची माहिती, प्रत नाही, आणि त्याच्यासमोर तू रूट होऊन बसणार. तुला एकटीला मी त्याच्याजवळ सोडणार नाही."

चप्पल रॅकच्या तळाशी, धुळीत होती. धाकटीने ती ओल्या फडक्याने पुसली. भावजी लगबगीने सदरा बदलायला निघाले, तर जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही घरी थांबा. हे ऑफिसचं काम आहे." ते खरोखरच थांबले. पण दोघी रस्त्यावर आल्या तेव्हा धाकटीने वळून पाहिलं, तर ते गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभे होते.

जाऊबाईंनी तिच्या कोपराच्या वर हात धरला होता. पकड घट्ट होती. पहिल्या कोपऱ्यावर एक गाडी भर्रकन गेली तशी त्यांची बोटं तिच्या दंडात रुतली. धाकटी थांबली. "परत जायचं का?" असं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. "इथून दोन पायऱ्या खाली," ती म्हणाली. "मग सरळ. उजवीकडे भिंत आहे, हात लावलात तर लागेल." जाऊबाईंनी हात लांब करून भिंत शोधली. मग पकड थोडी सैल झाली. दवाखान्याजवळ औषधांचा वास आला तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "आता उतार लागेल." लागला.

वाचनालयात हळूकाकांनी खुर्ची आणली, पुसली, पुन्हा पुसली. जाऊबाईंनी आधी कपाट उघडायला सांगितलं आणि सर्व्हरच्या अंगावर तळहात ठेवला. ताप बघावा तसा.

"फार तापलाय. मागची जाळी धुळीने बंद झाली असेल. इतकी वर्षं याला कुणी पुसलं नाही?"

"पाणी जाईल म्हणून," हळूकाका पुटपुटले.

"कोरड्या फडक्याने पुसायचं हो. मोठ्याने बोला, मला दिसत नाही, ऐकू येतं." हळूकाकांना असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग काम सुरू झालं. आधी प्रत घेतली. ती पूर्ण होईपर्यंत जाऊबाईंनी कुणाला कशालाही हात लावू दिला नाही. त्यानंतर त्या सांगत गेल्या आणि धाकटी टंकत गेली. प्रत्येक ओळ एंटर मारायच्या आधी मोठ्याने वाचायची, असा दंडक. एका ओळीत धाकटीने अवतरणचिन्ह बंद केलं नव्हतं, ते जाऊबाईंना तिच्या वाचण्यावरून कळलं. नव्या यूजरला नवा पासवर्ड दिला. तो जाऊबाईंनी तिच्या कानात सांगितला आणि हळूकाकांकडे वळून म्हणाल्या, "हा कपाटावर लागणार नाही." कागदावरचा जुना पासवर्डही बदलला, आणि कागद हळूकाकांनी स्वतः फाडला.

दोघी काउंटरपाशी आल्या. धाकटीने स्क्रिप्टमध्ये रूटच्या जागी नवं नाव घातलं, पान उघडलं, चौकोनात 'बाग' असं लिहिलं. काउंटरवरच्या संगणकात वाचून दाखवणारा आवाज होता, तिथे येणाऱ्यांसाठी बसवलेला. तिने एंटर मारलं. क्षणभर काहीच नाही. मग तो आवाज गंभीरपणे बोलू लागला:

"प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह."

तिघंही ऐकत राहिली. आवाज थांबेना. ओळीमागून ओळ, प्रत्येक अक्षराच्या जागी तेच, बातम्या द्याव्यात इतक्या ठामपणे. हळूकाका हताश होऊन खुर्चीत बसले. धाकटीचा चेहरा उतरला. "अजून काहीतरी चुकलंय."

"चुकलं नाहीये," जाऊबाई म्हणाल्या. त्या काउंटरला धरून हसत होत्या, या वेळी मोठ्याने, अगदी वाचनालयात हसू नये तसं. "जोडलं गेलं गं. तो बोलतोय. इतक्या वर्षांनी कुणी विचारलं, म्हणून तोच उलटे प्रश्न विचारत सुटलाय. तुझे भावजी नाही का, मी ऑफिसातून उशिरा आले की."

"मग अक्षरं?"

"कोणत्या लिपीत बोलायचं ते तू त्याला सांगितलंच नाहीस. तो बिचारा इंग्रजी समजून चाललाय. जोडणीच्या ओळीखाली एक ओळ घाल. अक्षरसंच यूटीएफ-एट, त्यात मराठी बसतं. पुढे एमबी-फोर जोड, नुसतं जुनं अर्धवट असतं."

धाकटीने ती ओळ घातली, मोठ्याने वाचली, एंटर मारलं.

"कुंडीतली बाग आणि तिची निगा," आवाज म्हणाला. "बागेतले पक्षी. गच्चीवरची बाग, भाग पहिला."

जाऊबाईंनी मान थोडी कलती केली होती. आवाज भाग दुसऱ्याकडे गेला, मग तिसऱ्याकडे, आणि यादी संपल्यावर गप्प झाला. त्यांनी हात पुढे केला, चाचपडत धाकटीचं डोकं शोधलं आणि त्यावर थोपटल्यासारखं केलं. "तुझ्या डोक्यात सगळं बसतं," त्या म्हणाल्या. त्यांना ती जुनी पंगत आठवत होती की नव्हती, कोण जाणे. धाकटीने विचारलं नाही. विचारलं असतं तर माइकपुढे कधीच फुटला नव्हता असा तिचा आवाज फुटला असता.

निघताना हळूकाकांनी विचारलं, "ती प्रत पुन्हा कधी घ्यायची असते?"

"दर आठवड्याला," जाऊबाई म्हणाल्या. "मी येईन. तुम्ही तोवर जाळी पुसून ठेवा."

परत येताना ऊन उतरलं होतं. जाऊबाई आता भिंत शोधत नव्हत्या, नुसता दंड धरून चालत होत्या. बोलत होत्या ते सगळं सर्व्हरबद्दलच: पानावर शोधताना कुणी वेडंवाकडं लिहिलं तर काय करायचं, लेखकाच्या नावाने कसं शोधता येईल. मध्येच त्या थांबल्या.

"तुझा चेहरा मला शेवटचा कधी दिसला, आठवत नाही," त्या म्हणाल्या. "दिसत होतं तेव्हा नीट बघितलाच नाही. रोजचीच, म्हणून. आता कशी दिसतेस?"

धाकटीने विचार केला. खोटं सांगायला मन धजेना. "जाड झालेय. चष्मा लागलाय. आणि केस पांढरे झालेत पुढे, पण रंगवते."

"माझे?"

"तुमचे सगळेच."

"सगळेच?" जाऊबाईंनी हात केसांवर नेला. "मी दर महिन्याला रंग लावायची. मग म्हटलं, आता कुणाला दिसतंय."

"मला दिसतंय ना," धाकटी म्हणाली. "भावजींना दिसतंय. हळूकाकांनाही दिसलं."

"मेल्याने काही बोलून दाखवलं नाही," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्या भावजींबद्दल बोलत होत्या.

रविवारी सकाळी खालच्या गॅलरीत खुर्ची मांडली होती. जाऊबाई खांद्यावर जुना टॉवेल घेऊन बसल्या होत्या आणि धाकटी वाटीत रंग कालवत होती. भावजींना आत पाठवलं होतं, तरी ते दर थोड्या वेळाने काही ना काही विचारायला बाहेर येत होते. धाकटीने कंगव्याच्या टोकाने भांग पाडला, पांढऱ्या मुळाशी ब्रश टेकवला. रंग गार होता. जाऊबाईंनी खांदे आवळले आणि मग सोडले.

"कानाला लागू देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आणि लेखकाच्या नावाची ती ओळ कशी लिहिलीस, ती वाचून दाखव."

"हात भरलेत, ताई."

"मग पाठ म्हण."

धाकटीने ब्रश वाटीत ठेवला, डोळे मिटले आणि ओळ म्हणायला सुरुवात केली. अर्ध्यावर ती अडली. जाऊबाई थांबल्या, बराच वेळ थांबल्या, आणि धाकटीने पुढचं आठवून पुरं केलं.